अंगणात ४५, विहिरीत २८

मे महिन्यात मुकुटबनला कुणाच्याही घरी जा आणि 'तुमच्या फरशीखाली गरम पाण्याचे पाइप टाकून देऊ का' असं विचारून पाहा. चहा मिळेल, पण माणूस उन्हातून आला आहे असं समजून मिळेल. यवतमाळ जिल्ह्याच्या या कोपऱ्यात, झरी जामणी तालुक्यात, उन्हाळ्यातली दुपार ४५ अंशांची असते आणि त्याला कुणी बातमी म्हणत नाही. बातमी व्हायला शेजारच्या चंद्रपूरचा पारा ४७ ला टेकावा लागतो. संध्याकाळी अंगणात, ओट्यावर, गच्चीवर बादल्या ओतल्या जातात, आणि स्लॅबच्या घरातली माणसं रात्री अकरापर्यंत बाहेर खाटा टाकून बसतात, कारण दिवसभर ऊन प्यालेला स्लॅब रात्री ते खोलीत सोडत असतो.

तरीही हा लेख फरशी तापवणाऱ्या यंत्राबद्दल आहे. नेदरलँडमध्ये १ जुलै २०१८ पासून नव्या घरांना गॅसची जोडणी देणं बंद झालं. त्यामुळे आइंडहोवनसारख्या शहरात नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी कुटुंबांच्या नव्या घरांत बॉयलर नसतो. कोपऱ्यात फ्रिजएवढं एक कपाट असतं, ते जमिनीखालच्या पाण्यातून उष्णता काढतं आणि फरशीतल्या पाइपांत सोडतं. माझा भाचा अशाच घरात राहतो. "मामा, फरशीतलं पाणी फक्त ३३ अंशांचं असतं," असं त्याने फोनवर सांगितलं, तेव्हा माझी पहिली शंका साधी होती. तेहतीस अंशांच्या पाण्याने डिसेंबरातला युरोप कसा गरम होणार? त्या शंकेचं उत्तर शोधता शोधता मी परत आमच्याच मुलखातल्या विहिरींपाशी येऊन पोचलो.

हीट पंप हे नाव अगदी सरळ आहे. मोटर जसं खालचं पाणी वर चढवते, तसं हे यंत्र कमी तापमानाची उष्णता जास्त तापमानावर चढवतं. विजेचा हिटर वीज जाळून उष्णता तयार करतो. एका युनिटला एक युनिट, त्यापलीकडे काही नाही. हीट पंप उष्णता तयार करत नाही, असलेली उचलून आणतो आणि उचलायची मजुरी तेवढी विजेत घेतो. विहिरीच्या मोटरचं बिल पाणी किती खोल आहे यावर ठरतं, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. इथेही तेच. बिल ठरतं ते किती अंशांची चढण आहे यावर. यंत्र कुठल्या कंपनीचं, कॉम्प्रेसर कुठला, हे त्यानंतरचं.

या चढणीचा हिशेब मांडण्याइतका सोपा आहे. तापमान निरपेक्ष मापात घ्यायचं, म्हणजे अंशांत २७३ मिळवायचे. मग वरचं तापमान भागिले दोन्हींतला फरक. जमिनीखालचं पाणी १० अंशांचं आणि फरशीला ३५ अंशांचं पाणी हवं असेल, तर ३०८ भागिले २५, म्हणजे साधारण १२. एका युनिट विजेत १२ युनिट उष्णता, ही निसर्गाने आखलेली कमाल मर्यादा झाली. प्रत्यक्षातलं यंत्र तिच्या चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत पोचतं, म्हणून १० अंशांचं पाणी आणि ३५ अंशांची फरशी या युरोपातल्या चाचणीच्या अटीवर चांगल्या यंत्राचा आकडा पाचच्या वर जातो. तेच पाणी भिंतीवरच्या जुन्या रेडिएटरसाठी ५५ अंशांवर न्यायचं म्हटलं की कमाल मर्यादा सातवर येते आणि प्रत्यक्ष आकडा तीन-साडेतीनवर. यंत्र तेच, पाणी तेच, घरही तेच. जास्त तापवायला लावलं म्हणून जवळपास दीडपट वीज. फरशीतल्या पाण्याचं तापमान एक अंशाने कमी केलं तर दोन-अडीच टक्के वीज वाचते, असा या धंद्यातला ठोकताळा आहे.

फरशीला ३३-३५ अंश का पुरतात, याचं उत्तर क्षेत्रफळात आहे. रेडिएटर भिंतीला चिकटलेला लहान पत्रा असतो, त्याला खोली ऊबदार करायला स्वतः कडक तापावं लागतं. फरशी शंभर चौरस मीटर पसरलेली असते. तिचा पृष्ठभाग २६ अंशांवर आणि खोली २० अंशांवर असली तरी दर चौरस मीटरमागे ६०-६५ वॉट खोलीत येतात, म्हणजे सगळ्या घरात सहा किलोवॉटच्या वर. नीट बांधलेल्या, फटी बुजवलेल्या घराला यापेक्षा जास्त लागत नाही. उलट राहत्या खोलीची फरशी २९ अंशांच्या वर जाऊ देऊ नये असं युरोपीय मानक सांगतं, कारण त्यापुढे तळपायांना त्रास होतो. २९ अंशांची फरशी ही मुकुटबनमध्ये जानेवारीतली चैन आहे. मे महिन्यात तिला कुणी गरम म्हणणार नाही.

आता पाण्याकडे येऊ. उष्णता हवेतूनही काढता येते आणि जगात विकले जाणारे बहुतेक हीट पंप हवेवरच चालतात. पण हवेची खोड अशी की ज्या दिवशी घराला ऊब सगळ्यात जास्त हवी, त्याच दिवशी ती सगळ्यात थंड असते. उणे १० अंशांच्या हवेतून ३५ अंशांवर जायचं तर चढण ४५ अंशांची, आणि कमाल मर्यादा बारावरून सातच्या खाली. जमिनीत १०-१५ मीटर खाली गेलं की मात्र ऋतूंचा फरक जवळपास पुसला जातो. तिथलं पाणी त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या आसपास राहतं. झुरिकला ते दहा-अकरा अंश असतं, मुकुटबनला सत्तावीस-अठ्ठावीस. आमच्याकडे जुन्या विहिरीचं पाणी पहाटे कोमट आणि भर दुपारी गार लागतं, ते त्यामुळेच. पाणी आपल्या जागी असतं, बदलते ती हवा.

झुरिकचा उल्लेख उगाच केलेला नाही. लिमात नदीच्या काठावरच्या तिथल्या राटहाउसमध्ये, म्हणजे नगरसभागृहात, १९३८ साली नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा हीट पंप बसला. स्वित्झर्लंडकडे स्वतःचा कोळसा नव्हता, डोंगरातली जलविद्युत भरपूर होती आणि युरोपवर युद्धाचं सावट होतं. त्या यंत्राने २००१ पर्यंत काम केलं. हे यंत्र घराच्या फ्रिजइतकं टिकत नाही असं म्हणणाऱ्यांना मी ही दोन सालं सांगतो. इंग्लंडमध्ये जॉन समनर या अभियंत्याने १९४५ च्या हिवाळ्यात नॉर्विचच्या वीज खात्याच्या इमारतीत वेन्सम नदीच्या पाण्यावर असाच पंप चालवला. युद्धामुळे नवं काही मिळत नव्हतं, म्हणून जुने सुटे भाग जुळवून. सरासरी आकडा साडेतीनच्या आसपास आला. तो पाहून इंग्लंडने काय केलं? काही नाही. कोळसा स्वस्त होता. नंतर लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलला १९५१ मध्ये थेम्सचं पाणी वापरणारा पंप बसला, पण तोही फार काळ चालला नाही.

समनरच्या काळातला एक आक्षेप मला अजूनही प्रामाणिक वाटतो. कोळशावरचं वीजकेंद्र कोळशातल्या उष्णतेपैकी एक तृतीयांशच विजेत बदलतं, उरलेली चिमणीतून आणि कूलिंग टॉवरमधून जाते. मग तीन युनिट उष्णता घालवून एक युनिट वीज करायची आणि हीट पंपने तिची पुन्हा तीन युनिट उष्णता करायची, तर कमावलं काय? म्हणजे तीन हा आकडा बरोबरीचा, फायदा त्याच्यापुढे. ज्या देशात वीज पाण्याची किंवा वाऱ्याची आहे तिथे हे गणित निराळं. आपल्याकडे, २९२० मेगावॉटचं चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र हाकेच्या अंतरावर असताना, आणि त्यात जळणारा कोळसा वणी-चंद्रपूरच्याच खाणींतून जात असताना, तीनच्या वर आकडा नसेल तर यंत्राचं कौतुक करण्यात अर्थ नाही. पाण्यावरचे पंप म्हणूनच महत्त्वाचे ठरतात. ते ही रेषा सहज ओलांडतात.

सहज म्हणजे कागदावर. या पंपांच्या जाहिरातीत पाच, साडेपाच असे आकडे छापतात, त्यांत विहिरीतून पाणी उपसणाऱ्या मोटरचा हिशेब क्वचितच पूर्ण असतो. तो आपण करू, कारण मोटर हा आपल्या घरचा विषय आहे. घराला आठ किलोवॉट ऊब हवी आहे आणि यंत्राचा आकडा पाच आहे. म्हणजे कॉम्प्रेसर १.६ किलोवॉट घेईल आणि पाण्यातून ६.४ किलोवॉट काढेल. पाणी चार अंशांनी थंड करून परत सोडायचं तर तासाला चौदाशे लिटरच्या जरा खाली पाणी लागतं. ते २० मीटरवरून उचलायला लहान मोटर, तिची नेहमीची कार्यक्षमता धरून, दोनशे वॉटच्या थोडी वर घेईल. आकडा पाचवरून साडेचारच्या खाली आला. तेच पाणी ६० मीटरवर, म्हणजे दोनशे फुटांवर असेल तर मोटर सहाशेच्या वर वॉट मागते आणि पाचाचे साडेतीन होतात. पाणी परत जाताना पाइप पाण्याच्या पातळीखाली बुडवून ठेवला तर थोडंफार परत मिळतं, पण ही काळजी किती जण घेतात? डच घरांचं नशीब असं की तिथे पाणी काही मीटरवर लागतं. झरी जामणीत दोनशे फुटांचा बोअर ही साधी गोष्ट आहे, तीनशेलाही कुणी तोंडात बोट घालत नाही.

आता मूळ प्रश्न उलटा करू. भौतिकशास्त्रज्ञ केल्विनने १८५२ मध्ये या यंत्राची कल्पना मांडली, तेव्हा त्याच्यापुढे चार्ल्स पियाझी स्मिथ या एडिंबराच्या खगोलशास्त्रज्ञाची सूचना होती, आणि ती होती उष्ण प्रदेशातल्या खोल्या थंड करण्याची. म्हणजे हे यंत्र पहिल्यांदा कागदावर आलं तेव्हाच आमच्यासारख्यांचा उन्हाळा त्याच्या विचारात होता. पुढे ते थंड देशांनी आपल्या कामाला लावलं आणि आपल्या वाट्याला त्याचा एकच अवतार आला, भिंतीवरचा एसी. एसी म्हणजे हीट पंपच. खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. फक्त टाकतो कुठे, तर ४५ अंशांच्या हवेत. हवेत उष्णता ढकलायची तर बाहेरचं युनिट हवेपेक्षा गरम हवं, म्हणजे ६० अंशांपर्यंत. आतली कॉइल १० अंशांची धरली तर पन्नास अंशांची चढण, तीही वर्षातल्या सगळ्यात वाईट तासांना. त्याऐवजी तीच उष्णता विहिरीच्या २८ अंशांच्या पाण्यात सोडली तर वरचं टोक ३८ वर थांबतं. चढण २८ अंशांची राहते. थंड करताना वरच्याऐवजी खालचं तापमान फरकाने भागायचं, मग कमाल मर्यादा साडेपाच-सहावरून दहावर जाते. युरोपला पाण्यामुळे हिवाळ्यात जो फायदा होतो, तोच आणि तितकाच फायदा आपल्याला उन्हाळ्यात आहे.

मुकुटबनच्या विहिरीच्या पाण्याचं तापमान ऐकून डच अभियंता चकित होईल, त्याला कारण आहे. हेरलेन या डच गावात कोळशाच्या खाणी बंद पडून पाण्याने भरल्या होत्या. २००८ मध्ये तिथे त्या पाण्यावर गावातली घरं ऊबदार ठेवणारी योजना सुरू झाली. २८ अंशांचं पाणी मिळवायला त्यांना सातशे मीटर खाली जावं लागलं. इंग्लंडमधल्या गेट्सहेडला २०२३ मध्ये सुरू झालेल्या सहा मेगावॉटच्या योजनेत खाणीचं पाणी १५ अंशांचं आहे, आणि त्याचंही त्यांना अप्रूप. आमच्या भागात याहून गरम पाणी देवळाच्या कुंडात मिळतं. पैनगंगेच्या काठचं कापेश्वर, पलीकडच्या किनवट तालुक्यातलं उनकेश्वर. उनकेश्वरचं गंधकाचं पाणी चाळिशीपार आहे, त्वचेच्या आजारासाठी लोक तिथे आंघोळीला जातात. तेवढं पाणी युरोपात लागलं असतं तर हीट पंपाची गरजच नव्हती, थेट फरशीत सोडलं असतं. तेलंगणात मणुगुरूजवळ कोळशाच्या शोधासाठी घेतलेल्या बोअरमधून गरम पाणी वर आलं आणि सिंगरेणी कंपनीने त्यावर २० किलोवॉट वीज करून पाहिली. वीस किलोवॉट म्हणजे एका लहान राइस मिलला पुरेल इतकी. इतक्या कमी तापमानाच्या पाण्यातून वीज काढण्यापेक्षा ऊब किंवा गारवा काढणं शहाणपणाचं, असं माझं मत आहे. वीज काढताना चढणीचा नियम आपल्या विरुद्ध जातो, हीट पंपात तो बाजूने असतो.

आणि चढण लहान असली की हे यंत्र काय करू शकतं, याचा एक देशी दाखला मुंबई आयआयटीत आहे. तिथल्या हीट पंप प्रयोगशाळेचे प्राध्यापक मिलिंद राणे यांनी सहसंशोधक जबडे यांच्यासोबत २००५ मध्ये गुळासाठी एक पद्धत मांडली. उसाच्या रसातलं पाणी काही प्रमाणात उकळून उडवण्याऐवजी गोठवून बर्फाच्या रूपात बाजूला काढायचं. हीट पंपाचं थंड टोक बर्फ जमवतं, गरम टोक तोच बर्फ वितळवतं, दोन्ही टोकांतलं अंतर थोडंसंच. चुलवणात जाळायचं बगॅस वाचतं. एकाच यंत्राची दोन्ही टोकं कामाला लावायची हा या विषयातला सगळ्यात कमी वापरलेला विचार आहे.

घराच्या बाबतीत तो असा लागू होतो. हिवाळ्यात आमच्याकडे फरशी तापवायची नाही, पण आंघोळीचं पाणी तापवायचं असतं. शंभर लिटर पाणी २७ अंशांवरून ४५ वर न्यायला विजेच्या गीझरला दोन युनिटांच्या वर लागतात. विहिरीच्या पाण्यावर चालणाऱ्या पंपाला अर्ध्या युनिटच्या आसपास. आणि उन्हाळ्यात खोलीतून काढलेली उष्णता विहिरीत टाकण्याआधी टाकीतलं पाणी तापवून घेता येते. पण उन्हाळ्यात इकडे गरम पाणी हवंय कुणाला? टाकीतलं पाणी नळाला येतं तेच दुपारी हात भाजतं. इथेच हा सगळा विचार अडतो. आइंडहोवनला तांत्रिक विद्यापीठाच्या आवारात जमिनीखाली पाण्याचा साठा वापरणारी मोठी योजना आहे. उन्हाळ्यात इमारतींची उष्णता जमिनीत ठेवायची, हिवाळ्यात काढायची. वर्षाच्या शेवटी जमा-खर्च जुळतो, जुळलाच पाहिजे असा तिथला नियम आहे. मुकुटबनला जमेच्या बाजूला आठ महिने आणि खर्चाच्या बाजूला आंघोळीच्या चार बादल्या. दरवर्षी विहिरीत उष्णताच ओतत राहिलो तर २८ चे ३०, ३२ होतील आणि ज्या फरकासाठी हा खटाटोप तो फरकच संपेल.

दुसरी अडचण पाण्याचीच. एक टनाचा एसी पाण्यावर चालवला आणि पाणी पाच अंशांनी तापू दिलं तर तासाला सातशे लिटरच्या वर पाणी फिरवावं लागतं. रात्रीच्या आठ तासांत सहा हजार लिटर, म्हणजे एक टँकर. यवतमाळ जिल्ह्यात एका खोलीसाठी टँकरभर पाणी गटारात सोडणाऱ्याला गाव वाळीत टाकील, आणि बरोबर करील. म्हणून ते पाणी दुसऱ्या बोअरमधून परत जमिनीत गेलंच पाहिजे. तसं केलं तर मात्र हीट पंप पाणी पीत नाही, फक्त तापवून परत देतो. कूलरचं उलट आहे. वाळ्याच्या ताट्या असोत की लाकडाच्या तुसाच्या, कूलर गारवा देतो तो पाणी उडवूनच. एक लिटर पाणी उडालं की पाऊण युनिटाहून थोडी कमी उष्णता त्याने ओढून घेतली. ४५ अंशांच्या कोरड्या हवेत हे अतिशय स्वस्त आणि हुशार तंत्र आहे, विदर्भाने उगाच नाही त्याला घरोघरी बसवलं. पण उडालेलं पाणी परत येत नाही, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हवेत ओल आली की कूलर नुसता चिकचिकाट करतो.

तिसरी अडचण मुकुटबनच्या जमिनीत आहे. या परिसराच्या एका अंगाला वर्धा खोऱ्यातले कोळशाचे थर आहेत, मार्की-मांगलीचे कोळसापट्टे त्यातलेच, तर दुसऱ्या अंगाला पैनगंगेच्या खोऱ्यातला फार जुना चुनखडक. त्या चुनखडकासाठीच बिर्ला कॉर्पोरेशनच्या आरसीसीपीएलचा वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना इथे २०२२ मध्ये सुरू झाला. चुनखडकातलं पाणी जड. आमच्याकडे गीझरची कॉइल आणि कूलरचा तळ पांढरा पडतो, तसाच हीट पंपाचा पाण्याचा भाग पांढरा पडणार. मिलिमीटरभर क्षारही उष्णतेला अडवतो, मग यंत्राला तेवढी जास्त चढण करावी लागते आणि छापलेला आकडा दोन वर्षांत कागदावरच राहतो. उपाय आहे: विहिरीचं पाणी सरळ यंत्रात न नेता मध्ये उघडून धुता येणारा, पातळ पत्र्यांतून उष्णता पलीकडे देणारा एक्स्चेंजर ठेवायचा. त्यात एक-दोन अंश गमवावे लागतात. तालुक्याच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइडही आहे, पण ते पिण्याचं दुखणं आहे, यंत्राला त्याची बाधा नाही.

एवढ्या अडचणी सांगून झाल्यावर कुणी म्हणेल की मग हा विषय सोडून द्यावा. मला तसं वाटत नाही, पण सुरुवात यंत्रापासून करू नये असं नक्की वाटतं. डच घरात पंप शेवटी येतो, आधी भिंती आणि खिडक्यांतून जाणारी ऊब अडवतात. आपल्याकडे आधी स्लॅब. कोलाम आदिवासींच्या पोडांवरची, म्हणजे वस्त्यांवरची, मातीने लिंपलेली, कवेलूच्या छपराची घरं दुपारीही बसण्याजोगी असायची. आता कोलामांसारख्या अतिमागास आदिवासी समूहांसाठी २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत पक्क्या घराला दोन लाख मिळतात. घर पक्कं होतं ही चांगलीच गोष्ट आहे, पण पत्रा किंवा उघडा स्लॅब म्हणजे उन्हाळ्याला दिलेलं आवतण. ज्या गावाच्या जमिनीत चुना आहे तिथल्या स्लॅबवर दर मार्चमध्ये चुन्याचा जाड हात मारला तरी एसी किती टनाचा लागेल हे बदलतं, किंबहुना लागेल की नाही हेही.

त्यानंतर पाइप. आणि ते फरशीत नकोत, स्लॅबमध्ये हवेत. फरशी खालून ऊब द्यायला चांगली, कारण गरम हवा वर चढते. गारव्याचं उलट असतं. थंड फरशी दर चौरस मीटरला जेमतेम सात वॉट ओढते एका अंशाच्या फरकामागे, थंड छत अकराच्या आसपास. १० बाय १२ च्या खोलीत २८ अंशांचं पाणी फरशीत फिरवलं तर तीनशे वॉट निघतील, एसीच्या दहाव्या भागाहूनही कमी. तेच पाणी स्लॅबमध्ये फिरवलं तर ते खोलीतली उष्णता तर काढतंच, पण वरून उतरणारं ऊन खोलीत पोचायच्या आधी घेऊन जातं. त्याला कॉम्प्रेसरही लागत नाही, फक्त पाणी फिरवणारी लहान मोटर. शिवाय २८ अंशांच्या छताला पावसाळ्यातही घाम फुटत नाही. १६ अंशांचं पाणी सोडलं तर जुलैत छतातून टिपकू लागेल.

हे नवीन नाही. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत नहरीचं पाणी ज्या हौदात येतं, त्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे. उन्हाळ्यात त्या खांबांच्या दालनात उतरलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आजचा दाखला हवा असेल तर हैदराबादजवळच्या पोचारमला इन्फोसिसची एक इमारत आहे. तिचा अर्धा भाग नेहमीच्या एसीवर आणि अर्धा स्लॅबमधल्या पाण्यावर थंड ठेवला, दोन्ही अर्धे एकसारखे. पाण्याच्या अर्ध्याने गारव्यासाठी सुमारे एक तृतीयांश वीज कमी घेतली.

मग मुकुटबनमध्ये हे पाणी आणायचं कुठून, जे उपसल्याने कुणाच्या पिण्यातलं कमी होणार नाही? वणीच्या बाजूला घोंसा, उकणी, निलजई अशा वेस्टर्न कोलफील्ड्सच्या उघड्या खाणी आहेत. खाण कोरडी ठेवायला तिथे बारा महिने पाणी उपसावंच लागतं. हे पाणी वाया जातं असं नाही, नागपूरच्या बाजूला कंपनीने ते वीजकेंद्रांना दिलं आहे, पाटणसावंगीला ते शुद्ध करून 'कोल नीर' नावाने बाटलीतही भरलं आहे. पण मधल्या मधे त्याची चार-पाच अंशांची थंडाई कुणी काढून घेतलेली नाही. ती घेतली तर पाणी तितकंच उरतं, पुढे शेताला किंवा कारखान्याला जायचं ते जातंच, आणि विहिरीसारखा जमा-खर्च जुळवायचा प्रश्न राहत नाही, कारण तापलेलं पाणी परत जमिनीत जात नाही. उपसण्याची वीजही खाणीने आधीच भरलेली आहे, म्हणजे ज्या मोटरने पाचाचे साडेतीन केले ती हिशेबातून निघाली. २८ अंशांचं पाणी जमिनीखालच्या साध्या प्लास्टिक पाइपातून दीड-दोन किलोमीटर नेलं तरी पाइपावर महागडं आवरण चढवावं लागत नाही, भोवतालची मातीही तेवढ्याच तापमानाची असते. गेट्सहेडला पाइपावरच मोठा खर्च होतो.

अशा खाणीपासून दीड-दोन किलोमीटरवर ग्रामीण रुग्णालय, आश्रमशाळा, खाण कामगारांची वसाहत असेल तर पहिला प्रयोग तिथे शोभेल. एकेका घराच्या गच्चीवर हे परवडणार नाही, आणि परवडेल असं सांगणाऱ्या विक्रेत्यापासून दूर राहावं. खाणीच्या पाण्यात लोह असलं तर हवा लागताच तांबूस गाळ बसतो, म्हणून पाइप बंदिस्त हवा आणि एक्स्चेंजर वर्षातून एकदा उघडून धुवायला हवा. ते काम करणारी माणसं वणीत आहेत. मार्च लागला की स्कूटरवर गॅसचं सिलिंडर आणि दाब मोजायचं मीटर घेऊन ती गावोगाव फिरतात, भर उन्हात गच्चीवर चढून बाहेरच्या युनिटवर पाणी मारतात आणि एसी पुन्हा थंड करायला लागतो. कंडेन्सरला पाणी दिलं की एसी सुधारतो, हे त्यांना कुठल्याही पुस्तकाआधी ठाऊक आहे.